मुलांची नाजूक त्वचा व सौम्य मलमाची निवड

वर्गात पाठ चालू असता एखादे मूल सारखे हात व मान खाजवीत असते. त्यास एक-दोन वेळा ताकीद मिळते. शेजारचे मूल थोडे सरकून बसते. पुढे कोणी त्याच्याबरोबर डबा खात नाही, आणि काही दिवसांनी ते मूल शाळेतच येईनासे होते. हजेरीपटावर केवळ गैरहजेरी नोंदली जाते. तिचे कारण मुलाच्या कोपराच्या आतील वळीत उठलेले पुरळ हे असते, याचा पत्ता लागत नाही. म्हणून या विषयाची मूलभूत माहिती प्रत्येक शिक्षकास असणे इष्ट होय.

वसमत तालुक्यातील कुरुंदा व आसपासची गावे हळद आणि ऊस पिकविणाऱ्या पट्ट्यातील आहेत. येथे नाजूक त्वचेच्या मुलास बाराही महिने काही ना काही त्रास संभवतो. हिवाळ्यातील कोरड्या वाऱ्याने अंग उलते. हळद शिजवून, वाळवून घोळण्याच्या दिवसांत बारीक धूळ उडते. उन्हाळ्यात घाम साचतो, तर पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. जुलै २०२२ मध्ये कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले होते. अशा ओलीच्या काळात त्वचेचे संसर्गजन्य विकारही बळावतात. त्यामुळे पुरळ दिसताच ते कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रथम ओळखावे लागते.

शाळेत सामान्यतः तीन विकार आढळतात. पहिला इसब. यात त्वचा कोरडी, खरखरीत व लालसर होते; लहान मुलांत ती बहुधा कोपराच्या व गुडघ्याच्या वळीत, मानेवर किंवा गालांवर दिसते. दुसरा खरूज. बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर बारीक फोड येतात, रात्री खाज वाढते, आणि घरातील इतरांनाही ती असते. तिसरा नायटा, म्हणजेच गजकर्ण. याचे वाटोळे, कडेला उठावदार असे चट्टे पसरत जातात. खरूज व नायटा संसर्गजन्य आहेत. इसब संसर्गजन्य नाही. इसब असलेल्या मुलास वेगळे बसविणे हा त्याच्यावर निष्कारण अन्याय होय.

इसब कशाने होतो? त्वचेचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. त्यातील चुना-माती निघाली की आतील ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची धूळ, साबण, घाम आत शिरून दाह करतात. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, अनेक रुग्णांत ‘फिलॅग्रिन’ नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातच जन्मतः दोष असतो. अर्थात हा विकार मुलाच्या अस्वच्छतेमुळे किंवा आईच्या निष्काळजीपणामुळे उद्भवत नाही. मलमाचे मुख्य काम ही भिंत बाहेरून लिंपणे हेच होय.

आता कोणते मलम घ्यावे, हा प्रश्न पालक हटकून विचारतात. दुकानात ‘सौम्य’, ‘नैसर्गिक’, ‘बालकांसाठी’ अशा अक्षरांच्या अनेक डब्या असतात. परंतु या शब्दांवरून आतील पदार्थाची पारख होत नाही. २०२२ मध्ये इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इसब असलेल्या ५५० मुलांवर पातळ लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम अशा चार प्रकारांची तुलना करण्यात आली. कोणताही एक प्रकार दुसऱ्याहून अधिक गुणकारी ठरला नाही. यातून निघणारा बोध सरळ आहे. मुलास न झोंबणारे, घरास परवडणारे आणि रोज लावले जाईल असे मलम तेच उत्तम.

परवडण्याचा मुद्दा गौण नाही. इंग्लंडमधील शासकीय मार्गदर्शिकेत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्यास २५० ते ५०० ग्रॅम मलम सांगितले आहे. महागड्या सुवासिक क्रीमची लहानशी नळी इतकी पुरणार नाही. मग ती जपून वापरली जाते आणि तिचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा साधी, गंधविरहित पेट्रोलियम जेली बरी. या पदार्थास १८७२ मध्ये पेटंट मिळाले असून त्यात रंग वा सुगंध मिसळलेला नसेल तर तो क्वचितच कोणास बाधतो. शुद्ध खोबरेल तेलही उपयोगी आहे. २०१४ मध्ये फिलिपिन्समधील ११७ मुलांवरील चाचणीत सौम्य व मध्यम इसबावर शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. मात्र केसांसाठी विकले जाणारे सुवासिक तेल यासाठी घेऊ नये. कोणतेही नवे मलम प्रथम कोपराच्या आत थोड्या जागी चार-पाच दिवस लावून पाहावे. आग किंवा लाली न आल्यास मग सर्वांगास वापरावे.

लावण्याची रीतही महत्त्वाची आहे. कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटांत स्नान उरकावे. अंग दगडाने किंवा घासणीने घासू नये. साबण बेताचा व बिनवासाचा असावा. पंचाने टिपून, अंग किंचित ओले असतानाच केसांच्या दिशेने हलक्या हाताने मलम पसरावे. दिवसातून किमान दोन वेळा, आणि पुरळ नसतानाही, ते लावीत राहावे. उन्हाळ्यात घट्ट मलमाने घामोळे येत असेल तर पातळ क्रीम वापरावे. मलम मुरलेले कपडे लवकर पेट घेतात. सबब अशा मुलास चुलीजवळ बसू देऊ नये.

काही घरगुती उपाय टाळणेच हिताचे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही परिसरास भूषणावह गोष्ट आहे. तथापि फुटलेल्या त्वचेवर हळदीचा लेप झोंबतो व क्वचित वावडेही निर्माण करतो. शेंगदाणा तेल दाह झालेल्या त्वचेवर चोळू नये. अशा त्वचेतून मुलास शेंगदाण्याचे वावडे जडू शकते, असे २००३ मधील एका ब्रिटिश अभ्यासावरून दिसते. सुवासिक पावडरने कोरडेपणा वाढतो.

सर्वांत मोठा धोका मात्र झटपट गुण देणाऱ्या नळ्यांचा आहे. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती नळी शेजारीपाजारी फिरते. परंतु दीर्घकाळ वापराने मुलाची त्वचा पातळ पडते, आणि नायट्यावर लावल्यास तो आत बळावून अधिक पसरतो. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी चौदा औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध केला आहे. नळीवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव आढळल्यास डॉक्टरांस विचारल्याविना ती वापरू नये, असे पालकांस सांगावे. नळीवरील बारीक अक्षरे ज्यांस वाचता येत नाहीत, त्यांस ती वाचून दाखविणे हीदेखील शिक्षकाची सेवाच होय. याउलट डॉक्टरांनी इसबासाठी ठराविक दिवस सौम्य स्टेरॉइड दिले असेल तर भीतीपोटी ते अर्ध्यावर सोडणेही योग्य नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत इसब, खरूज व बुरशीजन्य त्वचारोग यांचा समावेश आहे. तपासणी पथक शाळेत येण्यापूर्वीच शिक्षकांनी अशा मुलांची नावे काढून ठेवावीत. खरूज असल्यास घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा. उपचार सुरू झाल्यावर मूल शाळेत येऊ शकते. पुरळातून पू येणे, पिवळी खपली धरणे, दुखरे फोड किंवा ताप येणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

शाळेत करण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. इसबाच्या मुलास फळ्याच्या धुळीपासून दूर, सावलीत व हवेशीर जागी, परंतु इतर मुलांच्या बरोबरीनेच बसवावे. मधल्या सुट्टीत त्यास मलम लावू द्यावे. नखे वाढू देऊ नयेत. खाजविल्याबद्दल शिक्षा करू नये. आणि एकदा तरी शिक्षकांनी सर्व वर्गासमक्ष त्या मुलाचा हात हाती घ्यावा. हा विकार लागत नाही, हे शब्दांनी सांगण्यापेक्षा त्या एका कृतीने मुलांस अधिक चांगले समजेल, आणि त्या मुलास शाळा पुन्हा आपली वाटू लागेल.