मेंदूचे चित्रण, विषाद आणि आपली प्रश्नपरीक्षा

विषादाच्या रुग्णाचे नातेवाईक अलीकडे एक प्रश्न विचारू लागले आहेत : ‘वैद्यराज, मेंदूचा फोटो काढला तर हा जिवाचे काही बरेवाईट करील का, हे कळेल काय?’ प्रश्नामागे वृत्तपत्रांतील बातम्या असतात. त्यांत तथ्य किती, हे आपण वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण असा रुग्ण मानसरोगतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी पुष्कळदा आपल्याच दारी येतो.

प्रथम भक्कम काम पाहू. पेट तपासणीत किरणोत्सर्गी खूण लावलेले द्रव्य अत्यल्प मात्रेत शिरेतून देतात. ते मेंदूतील विशिष्ट ग्राहींना चिकटते आणि कोठे किती चिकटले, हे यंत्र मोजते. सेरोटोनिन निर्माण करणाऱ्या पेशी मस्तिष्कस्तंभातील राफे नामक केंद्रांत असतात. त्यांच्यावरील ‘१ए’ ग्राही लगामाचे काम करतात. लगाम घट्ट झाला की पुढील मेंदूस सेरोटोनिन कमी पोहोचते. मारिया ओकेंडो, जॉन मान व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क येथे विषादाच्या १०० रुग्णांची अशी तपासणी करून त्यांचा दोन वर्षे मागोवा घेतला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १५ जणांनी आत्महत्येचा प्रयत्न केला, त्यांपैकी दोघे दगावले. राफेमध्ये हे ग्राही जितके अधिक, तितके पुढे आत्महत्येचे विचार अधिक व प्रयत्न अधिक घातक, असे आढळले. मात्र हा निष्कर्ष समूहाचा आहे. समोर बसलेल्या एका रुग्णाविषयी त्यावरून निवाडा देता येत नाही.

दुसरे उदाहरण सावध करणारे आहे. २०१७ साली पिट्सबर्गच्या मार्सेल जस्ट व डेव्हिड ब्रेंट यांच्या गटाने आत्महत्येचे विचार असलेल्या १७ व निरोगी १७ तरुणांना एमआरआय यंत्रात ‘मृत्यू’, ‘क्रूरता’, ‘स्तुती’ अशा शब्दांवर विचार करावयास लावले. कोण कोणत्या गटातील, हे संगणकाने ९१ टक्के अचूक ओळखल्याचे जाहीर झाले आणि बातमी जगभर पोहोचली. २०२३ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. अचूकता मोजण्याची रीतच सदोष होती. उत्तरपत्रिका पाहून प्रश्न निवडावेत आणि मग उत्तीर्ण झाल्याचा आनंद मानावा, तसा तो प्रकार. मागे घेतल्याची बातमी मात्र आमच्या एकाही रुग्णाच्या वाचनात आलेली नाही!

सेरोटोनिनच्या या कथेचा एक धागा आपल्या औषधपेटीतून निघतो. सर्पगंधेतून १९५२ मध्ये बाझल येथे रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. ते सेरोटोनिनचे साठे रिते करते, हे १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांत विषाद उद्भवल्याच्या नोंदी त्याच दशकातील. हा संबंध किती बळकट, यावर पुढे वाद झाला. तरी विषाद असलेल्यास वा पूर्वी होऊन गेलेल्यास रेसर्पिन देऊ नये, अशी सूचना अमेरिकी औषधपत्रकात होती. म्हणून ‘झोपेची एखादी आयुर्वेदिक गोळी द्या’ असे म्हणणाऱ्यास सर्पगंधा घनवटीची डबी निमूटपणे काढून देणे आम्हांस धोक्याचे वाटते. विक्रेत्याने आधी मनःस्थिती विचारावी. शंका येताच वैद्याकडे पाठवावे.

चरकाने विषादाची गणना वाताच्या ८० नानात्मज विकारांत केली आहे, आणि रोग वाढविणाऱ्या भावांत त्यास अग्रस्थान दिले आहे. वाग्भटाने रुग्णपरीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध सांगितली. मेंदूचे चित्रण कितीही सूक्ष्म झाले तरी ते दर्शनच. प्रश्नाची जागा ते घेत नाही. ‘मन खचले आहे’ असे सांगत रुग्ण क्वचितच येतो. अनिद्रा, अरुची, मलावष्टंभ, अंगमर्द हीच त्याची तक्रार असते. अशा वेळी एकांतात, मृदू स्वरात पण स्पष्ट विचारावे : ‘जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का? कसे, ते ठरविले आहे का?’ विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. बहुतेकांना विचारल्याने मोकळे वाटते.

उत्तर होकारार्थी आले तर मेध्य रसायनावर विसंबून पंधरा दिवसांनी बोलावणे योग्य नव्हे. रुग्णास एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके व औषधांचा साठा नातेवाइकांनी कुलपात ठेवावा. मानसरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवावे, आणि त्यांची औषधे चालू असल्यास ती आपण परस्पर थांबवू नयेत. सत्त्वावजयाचे आपले काम त्यांच्या जोडीने चालू शकते. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. आम्ही हा क्रमांक चिकित्सालयातील औषध देण्याच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे.