विमा-प्रतिनिधीचे कमिशन

विमा मिळवून देणाऱ्यास मोबदला कोणी व किती द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता विमा कंपन्यांचा खाजगी व्यवहार वाटतो. वस्तुतः त्यात विमेदाराचे हित गुंतलेले असते. म्हणूनच भारतात १९३८ च्या विमा अधिनियमाने परवाना नसलेल्या मध्यस्थास कमिशन देणे बेकायदेशीर ठरविले. कलम ४१ ने, प्रतिनिधीने आपल्या कमिशनचा वाटा ग्राहकास सूट म्हणून देण्यासही मनाई केली. अशा सुटीमुळे एकाच विम्याची किंमत दोघांना वेगवेगळी पडते; शिवाय मोबदला गमावून बसलेल्या प्रतिनिधीस पुढे विमेदाराची विचारपूस करण्याचे कारण उरत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने परवान्याऐवजी कंपनीकडून नेमणुकीची पद्धत आणली आणि प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी कंपनीवर टाकली. सूट देण्याबद्दलचा दंड मात्र दहा लाख रुपयांपर्यंत वाढविला.