विभाजक पात्राचें माप

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालीं, १९७४ सालीं खनिज तेलाचा मोठा साठा सांपडला. त्यास आपण मुंबई हाय म्हणतों. १९७६ सालीं तेथून तेल निघूं लागलें. परंतु विहिरींतून वर येतें तें निव्वळ तेल नव्हे. तेल, पाणी व वायु यांचें तें मिश्रण असतें. हीं तिन्ही वेगळीं करण्याचें पहिलें काम सेपरेटर, म्हणजे विभाजक पात्र, करतें. तें पात्र केवढें असावें, हा आजचा विषय.

आडव्या पिंपासारख्या या पोलादी पात्रांत मुख्य काम गुरुत्वाकर्षणाचेंच असतें. वायु वर राहतो, पाणी तळाशीं बसतें आणि मध्यें तेल तरंगतें. मात्र तेलांत अडकलेले पाण्याचे बारीक थेंब खालीं येण्यास वेळ लागतो. स्टोक्स यांनीं १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें थेंबाचा व्यास निम्मा झाला कीं त्याचा वेग एकचतुर्थांश होतो. तेल दाट असेल, तर तो आणखी मंदावतो. तेव्हां पात्राचें माप ठरविणें म्हणजे या थेंबांना पुरेसा अवधि देणें होय.

एक हिशेब करूं. रोज १,४४० घनमीटर तेल व तितकेंच पाणी येतें असें समजा. म्हणजे मिनिटाला प्रत्येकीं १ घनमीटर. दोहोंस १० मिनिटें मुक्काम द्यावयाचा, तर द्रवासाठीं २० घनमीटर जागा हवी. पात्र निम्मेंच भरावें, कारण वरचा निम्मा भाग वायूचा. व्यास २.४ मीटर घेतल्यास लांबी सुमारें ९ मीटर येते. मग वायूचा वेग तपासावा. तो अधिक असल्यास वायु तेलाचे तुषार बरोबर नेतो व पुढील कॉम्प्रेसरला इजा पोहोंचते.

खरी मेख पुढेंच आहे. तेलक्षेत्र जुनें होऊं लागलें कीं पाणी वाढतें. वरील पात्रांत पाणी दुप्पट येऊं लागलें, तर सरासरी मुक्काम ७ मिनिटांहूनही कमी होतो. मग तेलाबरोबर गेलेलें पाणी नळ गंजवितें, आणि पाण्याबरोबर गेलेलें तेल पुढील शुद्धीकरणांत न निघाल्यास समुद्रांत जातें. उलट, पात्र वाटेल तेवढें मोठेंही करतां येत नाहीं. समुद्रांतील प्लॅटफॉर्मवर जागा आणि वजन दोन्ही मोजकींच असतात. म्हणून जाणता अभियंता विहिरीच्या केवळ आजच्या भरावर न जातां तिच्या उतारवयाचाही अंदाज घेतो, आणि मगच पात्राचें माप कागदावर उतरवितो.