जलवनस्पति आणि प्रकाश

तळ्यांत मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांस एक संकट चांगलें परिचित आहे. आदल्या सायंकाळीं धडधाकट दिसणारे मासे पहाटे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडीत राहतात आणि सूर्योदयापूर्वींच कांहीं मरून तरंगूं लागतात. कोणीं विष घातलें असा संशय सहज येतो. परंतु पुष्कळदां कारण निराळेंच असतें.

हिरवीं पानें पाण्यांत बुडविलीं असतां सूर्यप्रकाशांत त्यांतून प्राणवायूचे बुडबुडे निघतात, अंधारांत निघत नाहींत, असें इंगेनहौस नामक डच वैद्यानें १७७९ सालीं दाखविलें. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं आपल्याकडील तळ्यांत उगवणाऱ्या हायड्रिला वनस्पतीवर प्रयोग करून १९२४ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

असा प्रयोग घरींही करतां येतो. हायड्रिलाची ताजी फांदी, कापलेलें टोक वर ठेवून, कांचेच्या बरणींतील पाण्यांत बुडवावी. पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. शेजारीं दिवा ठेवून मिनिटास किती बुडबुडे सुटतात तें मोजावें. दिवा दुप्पट अंतरावर नेला कीं उजेड सुमारें चौथाई उरतो व बुडबुडे मंदावतात. जवळ आणल्यास ते वाढतात. परंतु कांहीं मर्यादेपुढें वाढत नाहींत. जो घटक सर्वांत तोकडा, तोच कामाचा वेग ठरवितो, हा नियम ब्लॅकमन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०५ सालीं मांडला. उजेड मुबलक झाला कीं कर्बवायु तोकडा पडतो. विहिरीवर मोठा पंप बसविला तरी झऱ्यास जेवढें पाणी, तेवढेंच वर येणार, तसाच हा प्रकार आहे.

वनस्पतींचा श्वासोच्छ्वास मात्र अहोरात्र चालतो. रात्रीं प्राणवायूची मिळकत थांबते आणि खर्च चालूच राहतो. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. आदला दिवस अभ्राच्छादित असेल, पाणी गढूळ असेल किंवा जलपर्णीनें तळें झांकलें असेल, तर मूळ शिल्लकच थोडी पडते.

यास्तव आमची सूचना अशी कीं, जलपर्णी काढून ती काठाबाहेर टाकावी. पाण्यांत कुजूं देऊं नये. अभ्राच्छादित दिवसांत तळ्यांत शेणखत घालूं नये व माशांस खाद्य कमी द्यावें. मासे वर येऊं लागल्यास पंपानें तळ्याचेंच पाणी उंचावरून तळ्यांत पाडावें, म्हणजे हवा मिसळते. शेजाऱ्यावर संशय घेण्यापूर्वीं आदल्या दिवशीं आभाळ कसें होतें हें आठवावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.