जुन्या सायकलचा आस मोडतो तेव्हा

पाली गावात मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो. या रस्त्याच्या चढउतारांवर दुधाचे कॅन लादलेली जुनी काळी सायकल चालताचालता कट्‌कन आवाज करते, मागचं चाक एकीकडे कलून फ्रेमला घासू लागतं. आस मोडलेला असतो. ‘काल तर ठणठणीत होती’ असं आपण म्हणतो, पण तुटण्याची तयारी बरीच आधी सुरू झालेली असते.

मोडलेलं टोक उजेडात धरून पाहा. एक भाग गुळगुळीत, बहुधा तांबूस गंजलेला. उरलेला खरखरीत आणि चकचकीत. गुळगुळीत भागात भेग हळूहळू सरकत होती, खरखरीत भाग शेवटच्या धक्क्यात फाटला. हा धातूचा थकवा. खड्ड्यांचे धक्के आणि साखळीची ओढ आस पुन्हापुन्हा किंचित वाकवतात. ताण एकवटतो आट्यांच्या खाचेत. कोकणच्या पावसात तिथे गंजाचे खड्डे पडले की भेगेला आयतं तोंड मिळतं. १८४२ मध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस असाच मोडून भीषण रेल्वे अपघात झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलरने हा थकवा प्रयोगांनी मोजला.

आस मोडल्यावर सायकलवर बसू नका, हातात धरून न्या. नवा आस घेताना जुना सोबत न्याच. इंग्लिश घडणीच्या आसावर सहसा इंचाला २६ आटे असतात, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांत ते सुमारे २५.४ भरतात. फरक एवढासा, पण नट थोडा फिरून अडकतो. तिथे पाना जोराने दाबला तर नवे आटेही जातात.