तेल्या रोग आणि संशोधनाचा नकाशा

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या लोणी देवकर परिसरात डाळिंबाच्या बागायतदारासमोर ‘तेल्या’ एवढेच म्हटले की पुरते. संशोधन निबंधांत मात्र हाच रोग निरनिराळ्या नावांनी वावरतो. कुठे ‘बॅक्टेरियल ब्लाइट’, कुठे जिवाणूचे ‘झँथोमोनास ॲक्सोनोपोडिस’ हे नाव, तर वर्गीकरण बदलल्यानंतरच्या लेखनात ‘झँथोमोनास सिट्री’. वाचणाऱ्या माणसाला हा घोळ उलगडतो, पण संगणकाच्या लेखी प्रत्येक नाव हा वेगळा विषय असतो. म्हणूनच एखाद्या ज्ञानशाखेत कशावर किती काम झाले याचा नकाशा काढण्याआधी निबंधांतले सूचक शब्द, म्हणजे कीवर्ड, नीट करून घ्यावे लागतात. हे काम कारकुनी समजून कुणाकडेही सोपवले जाते. माझ्या मते नकाशा खरा की खोटा हे तिथेच ठरते, आणि ते काम विषय जाणणाऱ्यानेच केले पाहिजे.

या नकाशांमागचे तत्त्व साधे आहे: दोन शब्द जितक्या अधिक निबंधांत सोबत येतात, तितके ते विषय परस्परांच्या जवळचे. फ्रान्समध्ये मिशेल कॅलाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या विश्लेषणाची मांडणी केली. आज नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठात तयार झालेले ‘व्हॉसव्ह्यूअर’ हे सॉफ्टवेअर असा नकाशा काही मिनिटांत काढून देते. त्यात कीवर्डसाठी मुळात ठेवलेली किमान मर्यादा ५ निबंधांची असते. त्याहून कमी वेळा आलेला शब्द गळतो. आता समजा, तेल्यावर ११ निबंध आहेत. चारांत एक नाव, चारांत दुसरे, तिनांत तिसरे. तिन्ही नावे गळतील आणि नकाशावर तेल्या कुठेच दिसणार नाही. तो नकाशा पाहून कुणी ‘या रोगावर कामच झालेले नाही’ असा निष्कर्ष काढला, तर झालेल्या कष्टांवर अन्याय होईल आणि तेच प्रयोग पुन्हा नव्याने सुरू होतील.

मग सगळी नावे सरसकट एकत्र करावीत का? तसे केले तर नुकसान वाढते. ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ भातावरही असतो आणि कापसावरही, आणि ते रोग वेगळे. प्रत्येक ‘ब्लाइट’ तेल्याच्या खात्यात टाकला, तर डाळिंबाचे संशोधन फुगून दिसेल. तिथे निबंधाचे शीर्षक आणि सारांश उघडून पीक कोणते ते पाहावेच लागते. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे; दुष्काळ, उष्णता, क्षारता यांचा पिकांवर येणारा ताण हा तिचा विषय. तिथल्या अभ्यासकासाठी ‘वॉटर स्ट्रेस’ म्हणजे रोपाला पाणी कमी पडणे. जलनियोजनाच्या लेखनात तोच शब्द एखाद्या प्रदेशातल्या पाणीटंचाईसाठी येतो. इथे एकच शब्द दोन विषयांत फोडावा लागतो. उजनी धरणाची गोष्ट उलटी आहे: रोमन लिपीत नावात ‘जे’ कुणी एकदा लिहितो, कुणी दोनदा, आणि जलाशयाला ‘यशवंतसागर’ही म्हणतात. ही नावे जोडण्यात काहीच धोका नाही. आणि ‘महाराष्ट्र’ किंवा ‘भारत’ हे फार सामान्य शब्द म्हणून गाळण्याची प्रथा जगाच्या नकाशाला चालेल. इंदापूर-बारामतीतल्या कामाचा शोध घेताना स्थळनामे गाळणे मला घातक वाटते.

आता हे काम यंत्रच करील, असे म्हटले जाते. एकवचन-अनेकवचन, जोडरेघा, स्पेलिंगचे फरक यंत्राने जरूर सुधारावेत. त्यात माणसाचा वेळ घालवू नये. भाताचा जिवाणूजन्य करपा आणि डाळिंबाचा तेल्या यांतला फरक यंत्राने सुचवला, तरी तो मान्य करणारा माणूस डाळिंब ओळखणारा हवा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जोडणाऱ्याचा पूर्वग्रह नकाशात उतरतो. उतरतो हे खरे. पण काहीही न जोडणे हाही एक निर्णयच आहे, फक्त तो कुणाच्या नावावर नसतो. त्यावर उपाय म्हणजे मूळ शब्द, त्याच्या जागी घेतलेला शब्द आणि बदलाचे कारण यांचा तक्ता नकाशाबरोबरच प्रसिद्ध करणे. व्हॉसव्ह्यूअरला अशी बदलाची यादी वेगळ्या फाइलमध्ये द्यावीच लागते, म्हणजे निम्मा तक्ता आधीच तयार असतो. कारणांचा रकाना तेवढा जोडायचा. मग तेल्यावर काम करणाऱ्या कुणालाही एखादी जोडणी चुकीची वाटली, तर ती ओळ बदलून नकाशा पुन्हा काढता येईल.