प्रतिद्रव्याच्या एका साखळीचे वाचन

रोगजंतूंचा प्रतिकार करणाऱ्या रक्तातील प्रथिनांची, म्हणजेच प्रतिद्रव्यांची, रचना ठरविण्यातील पहिली अडचण पद्धतीची नव्हती, नमुन्याची होती. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्शुलिनमधील ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावला. परंतु तेथे प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखाच होता. निरोगी माणसाच्या रक्तात असंख्य प्रतिद्रव्ये मिसळलेली असतात. हजारो पोथ्यांची पाने एकत्र कालवल्यावर त्यांतून एक संहिता कशी सिद्ध व्हावी?

वाट मोकळी केली ती एका दुर्धर रोगाने. ‘मायलोमा’ या कर्करोगात एकाच पेशीची संतती बेसुमार वाढते आणि एकाच प्रकारचे प्रथिन निर्माण करते. अशा रोग्याच्या मूत्रातील, तापविल्यावर साकळणारे व उकळीच्या सुमारास पुन्हा विरघळणारे विलक्षण प्रथिन हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४७ मध्ये वर्णिले होते. ते प्रतिद्रव्याची सुटी ‘हलकी साखळी’च होय, हे जेराल्ड एडलमन व जोसेफ गॅली यांनी १९६२ मध्ये दाखविले. शुद्ध नमुना विपुल प्रमाणात हाती आला तो असा.

ट्रिप्सिन हे विकर साखळीला लायसीन व आर्जिनीन यांपाशी तोडते. कायमोट्रिप्सिन मुख्यतः फेनिलॲलॅनीन, टायरोसीन व ट्रिप्टोफॅन यांपाशी. प्रत्येक तुकड्याच्या टोकाचे अमिनो आम्ल एकेक करून सोडवावयाचे व ओळखावयाचे, ही पेर एडमन यांची रीत. मात्र तुकडे वाचता आले तरी त्यांचा परस्परक्रम कळत नाही. एकाच पोथीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी फाटल्या असतील, तर एकीची फाट दुसरीच्या सलग ओळीने सांधता येते; दोन विकरे योजण्याचे प्रयोजन हेच.

१९६५ मध्ये नॉर्बर्ट हिल्शमन व लायमन क्रेग यांनी दोन रोग्यांच्या अशा साखळ्या ताडून पाहिल्या. सुमारे २१४ अमिनो आम्लांपैकी उत्तरार्ध जवळजवळ एकरूप निघाला. पूर्वार्धात मात्र पाठभेदच पाठभेद! विविधता सर्वत्र विखुरलेली नसून एका अर्ध्यातच साठलेली आहे, हे कोणत्याही एकट्या साखळीवरून कळले नसते. पुढे १९७० मध्ये वू व कॅबट यांनी अनेक साखळ्या एकाखाली एक मांडल्या, तेव्हा पूर्वार्धातही तीन लहान पट्टे अतिपरिवर्तनशील आढळले. परजंतूशी संयोग होतो तो मुख्यतः त्यांच्याच आधारे.

या दोन अर्धांचे जनुक गर्भावस्थेत एकमेकांपासून दूर असतात व प्रतिद्रव्य बनविणाऱ्या पेशीत जवळ आणले जातात, हे होझुमी व तोनेगावा यांनी उंदरांवरील प्रयोगांत १९७६ मध्ये सिद्ध केले.